गिटार तर वाजून राह्यल्ती

"काका, सर उठून न्हाई राह्यले."

वैशालीचा फोन होता. रविवारची दुपार, जेवण करून मी पुरवणी चाळत आडवा झालो होतो. मी म्हणालो, "झोपला असंल. रविवार आहे, झोपू दे की त्याला." ती म्हणाली, "खुर्चीतच हायत. डोळे मिटून. वहिनींनी हात लावून पाह्यला, तर..." आणि तिच्या हातातून फोन कुणीतरी घेतला. शेजारचे गृहस्थ होते. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही लगेच या."

मी शर्टाची बटणं लावत निघालो, आणि रस्ताभर मनात माझ्या मित्रावर, दयावर, चिडत होतो. पथ्य पाळत नाही, उन्हातान्हात फिरतो, आली असेल चक्कर. दवाखान्यात न्यायला गाडी कुणाची सांगावी, याचा विचारही करून झाला. पोचलो तेव्हा डॉक्टर दारात उभं राहून चपला घालत होते. आत माणूस तळमळत असता तर डॉक्टर चपला घालत बसले नसते. माझ्या मागून आलेल्या कुणीतरी विचारलं, "कसं आहे आता?" डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

दयानंद हिवाळेला जाऊन आता काही आठवडे झाले. 'जाऊन' हा शब्द मी लिहिला खरा, पण तो अजून माझ्या गळी उतरत नाही. त्याच दिवशी सकाळी त्याचा फोन आला होता. "संध्याकाळी ये. ढोलकी घिऊन ये. आबा आज मूडमधी हायत." मी 'येतो' म्हणालो. त्याच्या आवाजात थकवा नव्हता, दम लागलेला नव्हता. एवढ्यात कधी छातीत दुखल्याचं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. सुनंदावहिनींना नाही, पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीला नाही, मला नाही. संध्याकाळी मी त्याच्या घरी होतोच, पण तेव्हा मंडप टाकणाऱ्या माणसाशी दोरी कुठं बांधायची ते बोलत होतो. हे कसं झालं, ते मला आजही कळत नाही.

त्या दुपारी काय घडलं ते वैशालीनं मला तुटक तुटक सांगितलं. ती मूळची वाटूरची, आता जालन्यात राहते आणि एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीत बियाण्याची उगवण तपासायचं काम करते. पस्तिशीची आहे. गेली काही वर्षं दर रविवारी दयाकडे गिटार शिकत होती. त्या दिवशी तिनं बसवत आणलेली एक चाल वाजवायला घेतली. समोर वेताच्या खुर्चीत दयानं डोळे मिटले. ऐकताना तो डोळे मिटायचाच, त्यात नवल नव्हतं. चाल एकदा वाजवून झाली, मग तिनं स्वतःचा विस्तार सुरू केला. "सरांनी थांबवलं न्हाई, म्हणून मी अजून एक फेरा घेतला," ती म्हणाली. "मंग अजून एक घेतला. मला वाटलं, आज सरांना आवडून राह्यलं." शेवटी ती थांबली आणि वाट बघत बसली. तेवढ्यात सुनंदावहिनी चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, चहा घ्या."

आणि आतल्या खोलीत आबा होते. दयाचे वडील सखाराम हिवाळे. वय ऐंशीच्या पुढं, एक अंग लकव्यानं गेलेलं, वाचा अर्धीमुर्धी. त्यांना कुणी सांगायचं यावर बाहेर कुजबुज चालली होती. शेवटी वहिनी स्वतःच उठल्या. मी त्यांच्या मागं उभा होतो. वहिनींनी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. आबांनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि मान जोरानं हलवली. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागतो. ते जुळवत राहिले, आणि म्हणाले, "लबाड... गिटार तर... वाजून राह्यल्ती."

आमच्याकडं लबाड म्हणजे खोटं. भिंतीपलीकडं ते ऐकत होते. लेक बाहेर शिकवतो आहे, गिटार वाजते आहे, म्हणजे सगळं बराबर चाललं आहे. त्या वाक्यानंतर मी बाहेर येऊन ओट्यावर बसलो, आणि मला रडूसुद्धा आलं नाही.

जालन्यातला जॅझ गिटारवादक, असं म्हटलं की लोक आधी हसतात. आमचं गाव लोखंडाचं, बियाण्यांचं, मोसंब्यांचं. पण दया होता, आणि तो इथलाच होता. आम्ही एकाच गल्लीत वाढलो. आबांची गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत गावोगाव त्यांचे कार्यक्रम व्हायचे. आबा स्वतः गाणी रचत आणि स्वतः गात. खडा, पहाडी आवाज. मी ढोलकीवर आणि दया बेंजोवर, म्हणजे टाइपरायटरसारख्या कळा असलेल्या त्या छोट्या तारवाद्यावर. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. दयाचा हात त्या वयातही विजेसारखा चालायचा, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं. एकदा कुंभार पिंपळगावात कार्यक्रम होता. आबा एक ओळ गाऊन श्वास घ्यायचे, तेवढ्या जागेत दया बेंजोवर असा काही सुटायचा की पुढची ओळ सुरू झाली तरी त्याचं आवरलेलं नसायचं. दोन-तीन वेळा असं झालं. मग आबा गायचे थांबले आणि माइकमध्ये शांतपणे म्हणाले, "मंडळी, पोराचं होऊ द्या आधी. मंग म्या गातो." सगळं मैदान हसलं. दयाही हसला, पण हात काही कमी झाला नाही.

गिटार त्याच्या हाती आली ती फर्नांडिस मास्तरांमुळं. हे गोव्याचे वृद्ध गृहस्थ, तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवलेले. त्यांची मुलगी इथं दवाखान्यात परिचारिका होती, तिच्यापाशी ते राहायला आले होते. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून दयानं पहिल्यांदा ते संगीत ऐकलं आणि सरळ दार वाजवलं. जॅझ म्हणजे काय, ते मास्तरांनी आम्हा दोघांना खाटेवर बसवून सांगितलं होतं. एक ठरलेली चाल असते, ती सगळ्यांनी मिळून एकदा वाजवायची. मग त्याच चालीच्या चौकटीत एकेकानं त्या घडीला जे सुचेल ते रचायचं, आणि बाकीच्यांनी त्याला खालून सुरांचा आधार द्यायचा. या आधाराच्या सुरांचा एकेक गुच्छ म्हणजे कॉर्ड. गुच्छ बदलला की वरच्या सुराचा रंग बदलतो. मला यातलं फार कळलं नाही. दयाला ते भूक लागल्यासारखं कळलं. आबांना मात्र बिलकुल पटलं नाही. घरी दया सराव करत बसला की ते म्हणायचे, "ही चाल निघाली कुठून आन् चालली कुठं? हिला घरदार हाय का न्हाई?"

पुढं दया पुण्याला गेला, तिथून मुंबईला. ऑर्केस्ट्रात वाजवलं, रेकॉर्डिंगला वाजवलं, मोठ्या हॉटेलांत वाजवलं. मी बांधकाम खात्यात चिकटलो. एकदा खात्याच्या कामासाठी मुंबईला गेलो होतो, तेव्हा त्यानं मला त्याच्या हॉटेलात नेऊन मागच्या टेबलावर बसवलं. त्याच्यापुढची माणसं जेवायची थांबली, असं वाजवत होता तो. बोटं दिसत नव्हती. मी अभिमानानं फुगून गेलो होतो. आज ते आठवताना जाणवतं की त्याच्याबरोबर पियानोवर एक बाई होत्या आणि ड्रमवर एक तरुण होता, ते काय वाजवत होते ते मला काहीच आठवत नाही. मला वाटतं, त्या घडीला दयालाही सांगता आलं नसतं.

दया दुसऱ्याचं ऐकत नाही, हे फर्नांडिस मास्तरांच्या लक्षात आलं होतं. एका सुट्टीत दया जालन्याला आला आणि त्यांना भेटायला गेला, मीही सोबत होतो. मास्तर फार थकले होते. दयानं त्यांना आपली सगळी कमाई वाजवून दाखवली. त्यांनी मान डोलावली, मग उशीखालून आपला माउथ ऑर्गन काढला आणि म्हणाले, "आता मी वाजवतो. तू फक्त आधार दे." म्हाताऱ्याचा श्वास पुरत नव्हता. ते दोन सूर वाजवायचे आणि थांबायचे. पहिल्यांदा दयानं सांभाळलं. पण ते थांबले की दयाची बोटं आपोआप धावायची, ती रिकामी जागा भरून टाकायची. असं थोडा वेळ चाललं. मास्तरांनी माउथ ऑर्गन रुमालानं पुसला आणि उशीखाली ठेवून दिला. रागावले नाहीत. परत येताना दया मला म्हणाला, "म्हातारा दमला." पुढच्या सुट्टीत तो आला तेव्हा मास्तर नव्हते.

आबांना लकवा मारला तेव्हा दया चाळिशीला टेकला होता. आई आधीच गेली होती, सुनंदावहिनी इथल्या शाळेत शिक्षिका, लेक लहान. तो आला तो 'थोडे दिवस' म्हणून, आणि कायमचा राहिला. बाहेरच्या खोलीत त्यानं क्लास सुरू केला. शिकायला कोण यायचं? कारखान्यातल्या साहेबांची मुलं, कॉलेजातली पोरं, एक-दोन उत्साही डॉक्टर. आणि हा दया, मुंबई सोडून आलेला, आतून धुमसत असलेला, त्यांना गिटार शिकवायचा. शिकवायचा म्हणजे काय, तर विद्यार्थ्याचा एक सूर चुकला की पुढं होऊन त्याच्या तारांवर तळहात ठेवायचा. आवाज बंद. "पुन्हा." पोरगं पुन्हा सुरुवातीपासून वाजवायचं. पुन्हा चुकलं की पुन्हा तळहात. मी एकदा म्हणालो, "अरे, निदान वाजवू तरी दे पुरतं." तर म्हणाला, "चुकीचं पुरतं वाजवून काय करायचं?"

या क्लासमधला सगळ्यात हुशार मुलगा नितीन. वडील रोलिंग मिलमध्ये, घरी वाद्याचं वातावरण काही नाही, पण कान असा की दयानं एकदा वाजवलेलं त्याच्या बोटांत उतरायचं. दया त्याच्यावर सगळ्यात जास्त कडक होता, कारण त्याच्यात त्याला आपलं जुनं रूप दिसायचं. नितीन वाजवायला लागला की डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाटावं, दयाच वाजवतो आहे. क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता, सभागृहात पालक बसलेले. नितीन एकटा रंगमंचावर आला, सुरुवात सुंदर केली, आणि मध्ये कुठंतरी त्याचा एक सूर चुकला. ऐकणाऱ्यांना कळलाही नसता. पण नितीन थांबला. हात तारांवर तसाच, आणि नजर पडद्याच्या बाजूला, जिथं दया उभा होता. पोरगं तळहाताची वाट बघत होतं. तळहात आला नाही, म्हणून त्याला पुढं जाता येईना आणि मागं येता येईना. सभागृहात कुणीतरी टाळी वाजवली, धीर द्यायला. मग अजून काही जणांनी वाजवली. त्या टाळ्यांमध्ये नितीननं गिटार खाली ठेवली आणि तो मागच्या दारानं निघून गेला. क्लासला पुन्हा कधी आला नाही.

मी त्या वेळी दयाच्या शेजारी उभा होतो. घरी आल्यावर अंगणात तो म्हणाला, "अशोक्या, त्याला चुकून पुढं जायचं मी शिकवलंच न्हाई रे."

हे कळणं आणि त्यावर उपाय सापडणं, या दोन वेगळ्या गोष्टी. उपाय आतल्या खोलीत होता. आबांची वाचा गेली होती, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की ज्यांचं बोलणं जातं त्यांना कधी कधी गाता येतं, त्यांना गायला लावा. म्हणून संध्याकाळी दया गिटार घेऊन त्यांच्या खाटेजवळ बसायचा, मी ढोलकी घेऊन जायचो. आबा स्वतःचीच गाणी विसरले होते. ओळ सुरू व्हायची आणि मध्येच शब्द सुटायचे. सूर उतरायचा. कधी लय अशी लांबायची की माझा हात हवेत राहायचा. दया शिक्षकच तो, त्यांचा सूर घसरला की गिटारवर खरा सूर ठणकावून वाजवायचा. आबा पुन्हा प्रयत्न करायचे, पुन्हा घसरायचे. एके दिवशी त्यांनी चांगला हात उगारून खाटेच्या लोखंडी दांड्यावर मारला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. बरेच दिवस मग गाणं बंद होतं.

पुन्हा सुरू झालं तेव्हाची संध्याकाळ मला स्वच्छ आठवते. आबा आपण होऊन गुणगुणायला लागले होते. ओळीच्या शेवटी जिथं पोचायचं तिथून त्यांचा सूर थोडा खालीच थांबला. नेहमीसारखाच. मी दयाकडं पाहिलं. त्याचं बोट नेहमीच्या जागी निघालं होतं, ते अर्ध्यातून फिरलं आणि त्यानं खालचा आधारच बदलला. वेगळाच एक कॉर्ड, मी आयुष्यात न ऐकलेला. आणि आबांचा तो उतरलेला सूर त्या कॉर्डावर असा बसला, जणू गाणं मुळात तसंच रचलेलं होतं. चूक उरलीच नाही. आबांनाही ते कळलं. ते त्या सुरावर थांबून राहिले, श्वास संपेपर्यंत. मग त्यांनी पुढची ओळ घेतली, आणि ती कुठंही गेली तरी दया खालून तिच्यासोबत गेला. आबा थांबले की तोही थांबायचा. बोटं धावली नाहीत. गाणं संपल्यावर तो बाहेर आला, नळाखाली तोंड धुतलं, आणि म्हणाला, "मास्तर हेच सांगून राह्यल्ते. मला कळायला किती साल लागले बघ."

तिथून त्याचं वाजवणं बदललं. एकदम नाही, हळूहळू, वर्षानुवर्षं. हात तेवढाच तयार होता, पण तो आता हाताच्या तयारीतलं फार थोडं बाहेर काढायचा. दुसरं कुणी वाजवत असलं की तो त्याच्याकडं तोंड करून बसायचा, प्रेक्षकांकडं नाही. मागं एकदा संभाजीनगरला एका कार्यक्रमात मुंबईच्या तरुण वादकांनी त्याला बोलावलं होतं. दयाची पाळी आली तेव्हा त्यानं काही मोजकेच सूर वाजवले, मध्ये मोठी जागा सोडली, मग एक ओळ अशी घेतली की ती पोचायच्या आधीच खाली थांबली. मला धक्काच बसला. ती आबांची ओळ होती. लकव्यानंतरची, तुटलेली. कार्यक्रम झाल्यावर सॅक्सोफोनवाल्या पोरानं त्याला विचारलं, "सर, हे असं वाजवायला कुणाकडं शिकलात? कुठल्या रेकॉर्डवर ऐकायला मिळंल?" दया म्हणाला, "घरी या. पण संध्याकाळी या, दुपारी ते झोपतात." पोराला काही समजलं नाही, मी मात्र हसत सुटलो.

शिकवणंही पार बदललं. तळहात गेला. विद्यार्थी वाजवायला लागला की दया आपली गिटार घेऊन हलकेच खालून आधार द्यायचा. सूर चुकला तर त्याच्याखालचा कॉर्ड बदलायचा, आणि ते पोर चकित होऊन त्याच्याकडं बघायचं. "आता हितनं घर गाठ," तो म्हणायचा. "आलास कुठून ते इचारू नको, जायचं कुठं ते बघ." पुढं विद्यार्थी जरा पक्का झाला की तो गिटारही बाजूला ठेवायचा आणि नुसता ऐकायचा, डोळे मिटून, शेवटपर्यंत. वैशाली पहिल्यांदा आली तेव्हा दारातच म्हणाली होती, "सर, मोबाइलवर बघून बघून शिकले. बोटं जाड हायत माझी, आन् वय पण झालं." दया म्हणाला, "मला काय लग्न जमवायचं का तुझं? बस, वाजव." तिनं वाजवलं, भरपूर चुका करत, आणि त्यानं एकदाही तिला थांबवलं नाही. ती मला नंतर सांगत होती की बाहेर पडल्यावर ती स्कूटीवर बसून रडली होती, कारण घरात, शाळेत, नोकरीत तिचं कुणी असं पुरतं ऐकूनच घेतलं नव्हतं.

म्हणूनच त्या दुपारचं मला सोसवत नाही. तळहात ठेवणारा दया असता तर पहिल्याच चुकीला तळहात आला नाही, म्हणून वैशालीला लगेच कळलं असतं. ऐकत बसणारा दया होता, म्हणून कुणाला काही कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, एका क्षणात झालं असावं, काही करता आलं नसतं. मी हे वैशालीला पुन्हा पुन्हा सांगितलं. ती म्हणायची, "पण मी वाजवत बसले ना काका. सर गेले, आन् मी वाजवत बसले."

स्मशानात नितीन आला होता. आता तो मिलमध्ये सुपरवायझर आहे, ड्यूटीवरून तसाच आला होता, कपड्यांवर लोखंडाची पूड. त्रिसरण झालं, पंचशील झालं, लोक पांगायला लागले, तरी तो उभाच. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, सर एकदा मिलच्या गेटवर आल्ते. शिफ्ट सुटायच्या टायमाला. सगळ्या लोकांसमोर हात जोडून मला म्हणले, 'नितीन, मी तुला चुकीचं शिकवलं, माफ कर.' मला इतकं अवघडल्यासारखं झालं, मी नुसतं 'चहा घ्या सर' म्हणलो." दयानं हे मला कधीच सांगितलं नव्हतं. रोजचं उठणंबसणं होतं आमचं, आणि हे मला त्याची चिता पेटल्यावर कळलं.

पुढचे दिवस त्या घरात गाणं नव्हतंच, बोलणंही नव्हतं. आबा जेवायचे दोन घास. त्यांनी एकच हट्ट धरला, आतल्या खोलीत झोपायचं नाही. खाट बाहेर क्लासच्या खोलीत आणून घ्यावी लागली. तिथं ते दाराकडं बघत पडून असायचे. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो, ढोलकी न घेता. वैशालीची गिटार त्या दुपारपासून तिथंच कोपऱ्यात पडली होती, कव्हरमध्ये. ती आणायला ती आलीच नाही. वहिनींनी फोन केला तर म्हणाली, "राहू द्या, कुणाला तरी देऊन टाका." वहिनी शिक्षिका बाई, त्यांनी सुनावलं, "ते तू स्वतः येऊन दे. मी कुणाला देणार न्हाई."

गेल्या आठवड्यात ती आली. ऑफिस सुटल्यावर, गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र. आबांच्या पायांना हात लावला, माझ्याकडं न बघता कोपऱ्यातली गिटार खांद्याला लावली आणि निघाली. ती उंबऱ्यापाशी असेल, तेव्हा आबा गायला लागले. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. आवाज म्हणजे नुसती खरखर होती. शब्द नव्हते, चाल ओळखू येत होती. ओळ चढली, वळली, आणि शेवटी आली तिथंच, थोडी खाली, आणि थांबली. आधार आला नाही. आबांनी मान वळवून इकडं तिकडं पाहिलं. त्यांनी पुन्हा तीच ओळ घेतली, पुन्हा तिथंच थांबले. माझ्या हाताशी ढोलकी नव्हती, आणि असती तरी मला झालं नसतं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

वैशाली परत आली. जमिनीवर बसली, कव्हरची चेन उघडली. तारा उतरल्या होत्या, त्या तिनं जेमतेम जुळवल्या. आबांनी तिसऱ्यांदा ती ओळ घेतली, ते त्यांच्या त्या सुरावर आले, आणि तिनं कॉर्ड वाजवला. चुकला. इतका चुकला की मलाही कळलं. सूर एकीकडं आणि आधार दुसरीकडं, दोन भांडी आपटल्यासारखं. तिचा हात आक्रसला, ती तारा दाबून आवाज बंद करणार, तेवढ्यात आबांनी चांगला हात थोडा वर उचलला. थांब म्हणायला नाही, थांबू नको म्हणायला. आणि त्या म्हाताऱ्यानं, ज्याला नीट पाणी मागता येत नाही, आपला सूर हळूहळू ओढत नेऊन तिच्या कॉर्डावर आणून ठेवला.

बसला. बराबर बसला. वैशालीनं पुढचा कॉर्ड वाजवला, आबा पुढं गेले. आणि मी, इतक्या वर्षांच्या सवयीनं, दयाला आवडलं का ते बघायला मान वळवून त्याच्या खुर्चीकडं पाहिलं.